जुन्या होम कॉम्प्युटरचे दुर्लक्षित प्रोग्राम ऑनलाइन आर्काइव्हमध्ये कसे पोचवायचे?

रबरकीज

मंडळी, एका गोष्टीत मार्गदर्शन हवंय. ओळखीचे गणिताचे एक निवृत्त सर आहेत, त्यांनी त्यांच्याकडच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या होम कॉम्प्युटरच्या कॅसेटींचं खोकं माझ्या हवाली केलंय. त्यात गेम्स आहेत पण ते सगळे आधीपासून आर्काइव्हमध्ये आहेत, लोडिंग स्क्रीनपासून जाहिरातीपर्यंत सगळं, त्यामुळे त्यांची काळजी नाही. माझा जीव अडकलाय तो बाकीच्या कॅसेटींत. अपूर्णांक शिकवणारा एक प्रोग्राम आहे, शाळेचं वेळापत्रक लावणारा एक, चंद्राच्या कला दाखवणारा एक, आणि एका युजर ग्रुपच्या कॅसेटी आहेत, म्हणजे सभासदांनी स्वतः लिहिलेले पाच-सहा प्रोग्राम एका बाजूला रेकॉर्ड करून टपालाने एकमेकांना पाठवायचे ना, तशा. इन्ले (कॅसेटच्या डबीतला कागद) टाइपरायटरवर टाइप केलेला, मधेच पेनाने केलेली दुरुस्ती, प्रत्येक प्रोग्रामपुढे काउंटरचा आकडा. हे सगळं मी वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रमवर शोधलं, स्पेक्ट्रम कॉम्प्युटिंगवर शोधलं, इंटरनेट आर्काइव्हवर शोधलं, कुठेही नावसुद्धा नाही.

एकाने मला सांगितलं की विकायला आलेलंच नाही ते कोण ठेवणार, गेम असेल तर बघू. मला हे पटत नाही. या मशिन लोकांनी घरी आणल्या त्या बऱ्याचदा मुलं शिकतील म्हणून आणल्या आणि नेमकं तेच सॉफ्टवेअर आज सापडत नाही.

तर प्रश्न असे की कॅसेटवरून फाइल नेमकी कुठल्या फॉरमॅटमध्ये काढायची म्हणजे आर्काइव्हवाले परत पाठवणार नाहीत, कॅसेटसोबत आणखी काय द्यायचं, ज्याची कुठेच नोंद नाही त्याची नोंद करून कशी घ्यायची, आणि लेखकाचं नाव इन्लेवर आहे पण माणूस माहीत नाही अशा वेळी हक्कांचं काय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा, लांबलचक उत्तर चालेल.

---

झेडऐंशी

फार चांगलं काम हातात घेतलंय. मी टेपच्या बाजूचं लिहितो, नोंदीचं सूचीकार सांगतील, त्यांचा तो प्रांत आहे.

सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेची प्लॅस्टिकची टॅब तोडलेली आहे का बघा. नसेल तर तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. मग फेल्टचा छोटा पॅड जागेवर आहे का बघा, जुन्या कॅसेटीत त्याचा गोंद सुटतो आणि टेप हेडला नीट टेकत नाही. पॅड गेला असेल तर टेपची रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात घालायची, स्क्रूवालं कवच असेल तर सोपं जातं. प्लेअरचा बेल्ट सैल नको आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलेलं हवं.

आता रेकॉर्डिंग. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, डब्ल्यूएव्ही. एमपीथ्री अजिबात नको, डॉल्बी बंद, सॉफ्टवेअरमधलं नॉइज रिडक्शनही बंद, आवाज ‘स्वच्छ’ करण्याच्या नादात बिट जातात. स्टीरिओमध्ये घ्या, कारण टेपची एक कड खराब असली तर दुसरं चॅनल चांगलं निघतं आणि मग तेवढंच वापरता येतं.

अ‍ॅझिमथवर (म्हणजे टेपला हेड किती सरळ आहे त्यावर) मात्र वेळ घालवा, निम्म्या कॅसेटी ‘खराब’ ठरतात त्या यामुळेच. स्पेक्ट्रमच्या रॉममधल्या नेहमीच्या लोडरचा (टेप वाचून घेणाऱ्या प्रोग्रामचा) हिशोब असा आहे की सुरुवातीचा पायलट टोन साधारण ८०७ हर्ट्झचा, १ हा बिट साधारण १०२३ हर्ट्झचा आणि ० हा बिट त्याच्या दुप्पट, २०४७ च्या आसपास. हेड जरा तिरकं असलं की आधी वरच्या फ्रिक्वेन्सी मरतात, म्हणजे पायलट खणखणीत ऐकू येतो, स्क्रीनच्या कडेला पट्टे छान दिसतात, आणि शून्यं मात्र दबलेली असतात, मग शेवटी ‘आर टेप लोडिंग एरर’. लोकांना वाटतं टेप गेली. हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत आवाज सगळ्यात तीक्ष्ण होईल तिथे थांबायचं, आणि हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करायचं, कारण ज्या रेकॉर्डरवर ती भरली त्याचं हेड वेगळं होतं. युजर ग्रुपच्या कॅसेटीत तर एकाच बाजूवर दोन प्रोग्राम दोन वेगळ्या घरी भरलेले असू शकतात, तिथे मधेच परत लावावं लागतं.

फॉरमॅटचं म्हणाल तर टॅप आणि टीझेडएक्स हे दोन मुख्य. टॅपमध्ये फक्त बाइट्स राहतात, बेसिक भाषेतल्या साध्या प्रोग्रामला ते पुरतं. टीझेडएक्समध्ये पल्सची लांबी, मधले पॉझ, वेगळ्या स्पीडचे लोडर हे सगळं राहतं, म्हणून आर्काइव्हसाठी टीझेडएक्सच करा. आणि मूळ डब्ल्यूएव्ही फेकू नका! फ्लॅकमध्ये दाबून ठेवा, त्यात काही हरवत नाही आणि जागा वाचते. उद्या आणखी चांगलं डिकोडिंग सॉफ्टवेअर आलं तर परत तिथूनच सुरुवात करता येते.

आणि एक, हे फार कमी लोक करतात. प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी एक चेकसम बाइट असतो, तो सगळ्या बाइट्सचा एक्सॉर (बिटांची एक प्रकारची बेरीज) असतो. एक्सॉरची अडचण अशी की एकाच जागचे दोन बिट दोन वेगवेगळ्या बाइट्समध्ये उलटले तर चेकसम बरोबरच येतो. त्यामुळे प्रोग्राम लोड झाला, एरर आली नाही, म्हणून डंप (टेपवरून काढलेली फाइल) बरोबर असं धरू नका. दोनदा स्वतंत्र वाचा, शक्यतो एकदा दुसऱ्या प्लेअरवर, आणि दोन्ही फाइली बाइट-टू-बाइट जुळवा. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तोच प्रोग्राम असेल, बऱ्याचदा असतो, तर दोन्ही बाजू काढा, मग तर प्रश्नच नाही.

---

डिस्कनॉच

झेडऐंशींनी टेपचं सगळं सांगितलंच आहे, मी कमोडोर ६४ वाला, डिस्कबद्दल थोडं लिहितो कारण हा धागा पुढे कुणीतरी शोधत येईल.

सव्वापाच इंची फ्लॉपी असेल तर आधी बाजूच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे राइट बंद. मग डी६४ ही डिस्कची इमेज काढतात सगळे, त्याची फाइल नेमकी १,७४,८४८ बाइट्सची, ६८३ सेक्टर गुणिले २५६. पण डी६४ मध्ये फक्त सेक्टरमधला डेटा येतो, ट्रॅकची खरी रचना येत नाही. दुर्लक्षित सॉफ्टवेअरमध्ये शैक्षणिक पॅकेजेस असतात आणि त्यांनाही कॉपी प्रोटेक्शन असायचं, शाळांना एकेक प्रत विकायची असायची ना. तेव्हा ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्स हे डिस्क वाचणारं हार्डवेअर असेल तर फ्लक्स इमेज, म्हणजे डिस्कवरच्या चुंबकीय खुणांची जशीच्या तशी नोंद, काढा, त्यातून जी६४, डी६४ काय हवं ते नंतर बनवता येतं, उलट दिशेने जमत नाही.

डिस्कवर काही दुरुस्त करायला जाऊ नका. व्हॅलिडेट (डिस्कवरच्या ब्लॉकचा हिशोब नव्याने मांडणारी आज्ञा) तर नकोच. १५४१ या कमोडोरच्या डिस्क ड्राइव्हवर फाइल स्क्रॅच केली, म्हणजे पुसली, की डिरेक्टरीतला तिचा प्रकार दाखवणारा बाइट शून्य होतो आणि ब्लॉक मोकळे म्हणून मांडले जातात, डेटा तिथेच पडून असतो. पूर्ण डिस्कची इमेज असली तर पुसलेल्या आवृत्त्या परत मिळतात. लेखकाच्या स्वतःच्या डिस्कवर प्रोग्रामची आधीची आवृत्ती अशी मिळणं यासारखा आनंद नाही.

---

सूचीकार

नोंदीबद्दल लिहितो. थोडं मोठं होईल.

हे प्रोग्राम आर्काइव्हमधून का सुटतात ते आधी समजून घ्या, म्हणजे काय पाठवायचं ते आपोआप कळतं. आर्काइव्हमध्ये नोंद आणि फाइल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद म्हणजे नाव, वर्ष, प्रकाशक, लेखक, कुठलं मशिन, किती मेमरी. फाइल नंतर. स्पेक्ट्रमच्या बाबतीत एमआयए असा एक दर्जाच आहे, मिसिंग इन अ‍ॅक्शन, म्हणजे नोंद आहे, मासिकात जाहिरात सापडलीय, पण टेप कुणाला मिळालेली नाही. तेव्हा पहिलं काम, तुमची नावं त्या हरवलेल्यांच्या यादीत आहेत का बघा. असतील तर लोक वाटच बघतायत, लगेच घेतील.

पण तुमच्याकडचं बरंचसं त्या यादीतही नसणार. कारण या याद्या बहुतेक मासिकातल्या जाहिराती, परीक्षणं आणि प्रकाशकांचे कॅटलॉग यांवरून बनल्या. ज्याला प्रकाशकच नाही त्याचं नाव यादीत आलं नाही, यादीत नाही म्हणून कुणी शोधलं नाही, शोधलं नाही म्हणून सापडलं नाही. तुम्हाला ‘कोण ठेवणार’ म्हणणाऱ्याचं मला अजिबात पटलं नाही. स्पेक्ट्रम कॉम्प्युटिंग ज्या झेडएक्सडीबी डेटाबेसवर चालतं त्यात युटिलिटी, शैक्षणिक, मासिकात छापून आलेले टाइप-इन प्रोग्राम, सगळ्याला जागा आहे. फक्त पुरावा नीट द्यावा लागतो.

मशिनवरून वर्गवारी करण्यातही काही गोष्टी निसटतात. बेसिकोड, म्हणजे बेसिकमधला एकच प्रोग्राम वेगवेगळ्या मशिनवर चालावा म्हणून ठरवलेली पद्धत, आठवतंय का कुणाला? नेदरलँड्समध्ये एनओएस या प्रसारण संस्थेच्या हॉबीस्कूप या रेडिओ कार्यक्रमात प्रोग्राम चक्क आवाज म्हणून प्रसारित व्हायचे आणि ऐकणारे ते कॅसेटवर भरून घ्यायचे. १००० च्या खालच्या क्रमांकाच्या ओळींमध्ये त्या त्या मशिनची ठरलेली सबरुटिन्स, प्रोग्राम १००० पासून पुढे, त्यामुळे तोच प्रोग्राम अनेक वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालायचा. आता असा प्रोग्राम कुठल्या मशिनच्या आर्काइव्हने ठेवायचा? सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने ठेवला असेल. तुमच्या खोक्यात रेडिओवरून भरलेली एखादी कॅसेट निघाली तर ती नुसती ‘स्पेक्ट्रमवर लोड होत नाही’ म्हणून बाजूला टाकू नका.

आता पाठवायचं काय. इन्लेचे दोन्ही बाजूंचे स्कॅन, घडी उलगडून, ६०० डीपीआय. कॅसेटच्या दोन्ही लेबलांचे फोटो. सोबत आलेलं पत्रक, पावती, युजर ग्रुपचं वार्तापत्र, काहीही कागद असो. टीझेडएक्स. आणि एक साधी टेक्स्ट फाइल ज्यात तुम्ही लिहायचं की कॅसेट कुणाकडून आली, कुठल्या प्लेअरवर वाचली, काय जुळवून पाहिलं. ही टेक्स्ट फाइल लोक टाळतात आणि मग काही वर्षांनी कुणालाच कळत नाही की ही फाइल आली कुठून.

नावाकडे लक्ष द्या. स्पेक्ट्रमच्या हेडरमध्ये (टेपवर प्रोग्रामच्या आधी येणाऱ्या माहितीत) नावाला फक्त १० अक्षरं. इन्लेवर लांबलचक शीर्षक, लोड झाल्यावर स्क्रीनवर तिसरंच काहीतरी, हेडरमध्ये तोडलेलं. तिन्ही द्या. शोधणारा कुठल्या नावाने येईल सांगता येत नाही.

वर्ष माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नका. टोसेक या जुन्या सॉफ्टवेअरच्या सूचीच्या नाव देण्याच्या पद्धतीत १९ पुढे दोन एक्स अशी सोय मुद्दाम त्यासाठीच आहे, प्रकाशक माहीत नसला तर नुसती आडवी रेघ. चुकीचं वर्ष एकदा टाकलं की ते एका डेटाबेसमधून दुसऱ्यात जातं आणि मग पक्कं होऊन बसतं.

युजर ग्रुपच्या कॅसेटी तोडू नका. पूर्ण बाजूची एक फाइल, तिची एक नोंद, आणि आतल्या प्रत्येक प्रोग्रामची स्वतंत्र नोंद त्या कॅसेटशी जोडलेली. कुठला प्रोग्राम कुणाच्या शेजारी होता यावरूनसुद्धा तारीख लागते.

इंटरनेट आर्काइव्हवर खातं काढून कुणीही अपलोड करू शकतं, तिथे फ्लॅक, स्कॅन सगळं एकत्र ठेवा. आयटमचा आयडी विचार करून द्या, तो नंतर तुम्हाला बदलता येत नाही. मग त्याची लिंक देऊन स्पेक्ट्रमच्या आर्काइव्हला कळवा. एकाच ठिकाणी ठेवून निर्धास्त राहू नका, साइट बंद पडतात.

---

शांतवाचक

वाचतोय. हक्कांचा प्रश्न राहिला बघा. चाळीस वर्षं झाली म्हणजे आता ते मोफतच झालं ना? अबँडनवेअर म्हणतात ते.

---

सूचीकार

नाही. अबँडनवेअर हा लोकांनी वापरात आणलेला शब्द आहे, कायद्यात त्याला अर्थ नाही. लेखकाच्या हयातीनंतरही निदान ५० वर्षं हक्क राहतो बहुतेक देशांत, काही ठिकाणी ७०. १९८४ चा प्रोग्राम म्हणजे हक्काच्या दृष्टीने अगदी तरुण आहे.

पण विचारलं तर लोक देतात हो. अ‍ॅमस्ट्रॅडने १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा घेतला, आणि १९९९ मध्ये त्यांनी स्पेक्ट्रमचे रॉम एम्युलेटरसोबत (आजच्या कॉम्प्युटरवर जुनं मशिन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत) वाटायला जाहीर परवानगी दिली, कॉपीराइटचा उल्लेख तसाच ठेवा एवढी माफक अट. एवढी मोठी कंपनी देते तर ज्याने घरी बसून चंद्राच्या कलांचा प्रोग्राम लिहिला तो माणूस बहुधा खूशच होईल की कुणाला तरी तो सापडला. दुसरीकडे काही प्रकाशकांनी नाही म्हटलंय, त्यांच्या नावापुढे डिनाइड असं लिहिलेलं दिसतं आणि फाइल मिळत नाही. पण नोंद आहे, इन्ले आहे. म्हणून परवानगी नसली तरी नोंद नक्की करा. फाइल नीट जपून ठेवा, आर्काइव्हवाल्यांना स्थिती सांगा.

सरांनी स्वतः लिहिलेलं काही असेल तर त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या, आजच. त्या दोन ओळी बाकी सगळ्या कागदांपेक्षा कामाच्या आहेत.

---

रबरकीज

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. अ‍ॅझिमथचं तर अगदी तंतोतंत. वेळापत्रकाचा प्रोग्राम जो मी गेलाच म्हणून ठेवला होता तो स्क्रू फिरवल्यावर दोन्ही बाजूंनी सारखा निघाला, फाइली जुळल्या.

अपूर्णांकांचा प्रोग्राम सरांचाच आहे, पहिल्याच रेम (शेऱ्याच्या) ओळीत त्यांचं नाव आहे आणि त्यांनी आनंदाने लिहून दिलंय. पण तो बघताना एक वेगळीच गोष्ट समोर आली. लोड केल्यावर तो आपोआप सुरू होतो म्हणून मी मर्ज ही आज्ञा वापरून आणला, म्हणजे ऑटोरन होत नाही आणि लिस्टिंग बघता येतं. प्रोग्राम छोटाच आहे पण हेडरमधली लांबी त्यापेक्षा बरीच जास्त. शोधलं तर आत एक स्ट्रिंग अ‍ॅरे निघाला, त्यात वर्गातल्या मुलांची पूर्ण नावं आणि दुसऱ्या अ‍ॅरेत प्रत्येकाने किती उदाहरणं बरोबर सोडवली त्याचे आकडे! सर म्हणाले रोज तास संपल्यावर ते तसंच सेव्ह करायचे. हे असं अपलोड करणं बरोबर वाटत नाही. काय करतात अशा वेळी?

आणि त्या युजर ग्रुपच्या, म्हणजे क्लबच्या, इन्लेवर सभासदांचे घरचे पत्ते छापलेत, त्यांचं काय करायचं?

---

झेडऐंशी

तुम्ही बघितलंत हे फार बरं झालं, बरेच जण न बघता चढवतात. स्पेक्ट्रमवर बेसिक प्रोग्राम सेव्ह केला की त्या क्षणी मेमरीत असलेले सगळे व्हेरिएबल्सही (प्रोग्रामने साठवलेली माहिती) सोबत सेव्ह होतात. हेडरमध्ये दोन आकडे असतात, एक एकूण लांबी आणि एक नुसत्या प्रोग्रामची लांबी, दोन्हींत फरक असेल तर तेवढा भाग व्हेरिएबल्सचा. प्रत्येक बेसिक फाइलला हा फरक तपासायची सवय लावा.

मूळ डंपला हात लावू नका, तो तुमच्याकडे आणि आर्काइव्ह बंदिस्त ठेवणार असेल तर त्यांच्याकडे. लोकांसाठी वेगळी प्रत करा. त्यात क्लिअर करून, म्हणजे व्हेरिएबल्स पुसून, सेव्ह करायचा मोह होईल पण करू नका, कारण असे प्रोग्राम पुष्कळदा सेव्ह केलेल्या व्हेरिएबल्सवरच अवलंबून असतात, अ‍ॅरे नसला की पहिल्याच ओळीत थांबतात. त्यापेक्षा हेक्स एडिटरमध्ये नावांच्या जागी तेवढ्याच लांबीची दुसरी अक्षरं भरा. अ‍ॅरेचा आकार तोच राहतो, प्रोग्राम चालतो. शेवटचा चेकसम बाइट नव्याने काढावा लागेल. मग फ्यूजसारख्या एम्युलेटरमध्ये लोड करून पूर्ण धडा चालवून बघा. मार्कांचे आकडे राहिले तरी हरकत नाही, नावांशिवाय ते कुणाचे आहेत कळत नाही, आणि तो वर्ग प्रोग्राम खरंच वापरत होता याची ती खूण आहे.

---

सूचीकार

बरोबर. आणि त्या प्रतीच्या नावात बदल केल्याचं लिहा, टोसेकमध्ये त्यासाठी कंसात एम लावतात. टेक्स्ट फाइलमध्ये कुठल्या बाइटपासून कुठल्या बाइटपर्यंत काय बदललं तेही. हे न लिहिता बदललेली फाइल दिली तर पुढे कुणाला दुसरी कॅसेट मिळाल्यावर दोन आवृत्त्या होत्या असं वाटेल.

पत्त्यांचंही तसंच. मूळ स्कॅन जसाच्या तसा ठेवा, जाहीर स्कॅनमध्ये घराचा नंबर आणि रस्ता झाका, गावाचं नाव राहू द्या, लेखक शोधायला तेवढं लागतं. प्रकाशकाचा किंवा क्लबचा पोस्ट बॉक्स असेल तर तो झाकायची गरज नाही.

नोंदीचा मजकूर तयार झाला की पाठवण्याआधी इथे टाका, मी बघून देतो. आधी अपूर्णांकांचा करा, त्याला लेखक आणि परवानगी दोन्ही आहेत, तो लवकर मान्य होईल. त्याच्या मागोमाग क्लबच्या कॅसेटी पाठवाल तेव्हा आर्काइव्हवाल्यांना तुमची ओळख झालेली असेल.

---

रबरकीज

हे जमेल. अपूर्णांकांच्या नोंदीचा मजकूर रविवारी टाकतो. क्लबच्या एका कॅसेटवर बी बाजूला शेवटी एक पट्टा आहे जो कुठल्याच लोडरने उचलला जात नाही, आवाज स्पेक्ट्रमपेक्षा जाड वाटतो. सूचीकार, तो बेसिकोड असू शकेल का ते ऐकून सांगाल? फ्लॅकची लिंक निरोपातून पाठवलीय.

---

सूचीकार

मिळाली. आज रात्री ऐकतो.